‘फिलाग्रिन कमी आहे’ म्हणजे नेमकं काय, आणि ते खाण्यातून का भरून येत नाही

लातूरकडच्या एका ताईंनी विचारलं आहे. मुलगा सहा वर्षांचा. पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास दोन्ही नडग्यांवर बारीक पांढुरके खवले दिसायला लागले. थंडीत वाढतात, पावसाळ्यात जवळपास जातात. डॉक्टरांनी सांगितलं, ‘त्वचेतलं फिलाग्रिन नावाचं प्रोटीन कमी पडतं, जन्मजात आहे, मॉइश्चरायझर लावत राहा.’ तेव्हापासून ताई त्याला रोज दोन अंडी आणि प्रोटीन पावडर देतात. केराटिन-कोलॅजनचं बाराशे रुपयांचं क्रीमही आणलं. सासूबाई म्हणतात, मळ आहे, बेसन लावून घास. शाळेतून चिठ्ठी आली की मुलाला स्वच्छ आंघोळ घालून पाठवा. धाकटी मुलगी पाच महिन्यांची आहे. तिलाही हे होईल का, आणि आत्तापासून काही लावावं का, असाही प्रश्न आहे.

ताई, मी सोलापुरात बावीस वर्षं त्वचारोगाची प्रॅक्टिस करते. आमची हवा तुमच्याइतकीच कोरडी, त्यामुळे असे पाय मला दर हिवाळ्यात रोज दिसतात. आधी त्या चिठ्ठीबद्दल सांगते. हा मळ नाही, आणि तुमची आंघोळ कमी पडत नाही. बहुतेक वेळा ती जास्तच पडत असते.

खरी अडचण ‘कमी’ या शब्दात आहे. आपल्याकडे डॉक्टर ‘कमी आहे’ म्हणाले की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: मग भरून काढू. हिमोग्लोबिन कमी, लोहाच्या गोळ्या. बी-ट्वेल्व्ह कमी, इंजेक्शन. पण फिलाग्रिन हे असं बाहेरून येऊन साठणारं प्रथिन नाही. त्वचेतली प्रत्येक पेशी वर सरकता सरकता ते स्वतःपुरतं बनवते. ते बनवायची कृती जनुकात लिहिलेली असते, आणि तुमच्या मुलाच्या कृतीत बहुधा एखादं अक्षर चुकलं आहे. कच्चा माल कितीही ओतला तरी चुकलेली कृती सुधारत नाही. खाल्लेलं प्रथिन पोटात अमिनो आम्लांपर्यंत मोडतं, आणि ती आम्लं त्याच्या पेशींकडे मुबलक आहेतच.

‘बहुधा’ असं का म्हणते तेही सांगते. मी मुलाला पाहिलेलं नाही. खवल्यांचं वर्णन इक्थिओसिस व्हल्गॅरिस या जन्मजात खवलेदार त्वचेच्या नेहमीच्या प्रकाराशी जुळतं, पण काही गोष्टी तपासल्याशिवाय नक्की म्हणता येत नाही. माझ्याकडे असं मूल आलं की मी आधी आईबाबांना पाय दाखवायला सांगते. वडील पँट वर करतात आणि नव्वद टक्के कोरड्या, चकचकीत, भेगाळलेल्या नडग्या पुढे येतात. ‘हे तर मला लहानपणापासून आहे, त्यात काय!’ असं ते म्हणतात. मग मी मुलाचे तळहात उघडते. फिलाग्रिन कमी असलेल्यांच्या तळहातावर रेषांचं जाळं फार दाट असतं. हात बघणाऱ्यांनी त्यावरून ‘विचारी स्वभाव’ सांगितलेली कितीतरी मुलं मी पाहिली आहेत. त्यानंतर दंडाच्या मागच्या बाजूला किसणीसारखे खरखरीत बारीक दाणे आहेत का ते चाचपते. शेवटी कोपराच्या आतली घडी आणि गुडघ्यामागचा खळगा बघते. या प्रकारात त्या जागा खवल्यांतून सुटतात. खवले मोठे, तपकिरी-काळपट असतील, मानेवरही असतील, जन्मानंतर काही आठवड्यांतच सुरू झाले असतील आणि घरातल्या फक्त मुलग्यांनाच असतील, तर तो एक्स गुणसूत्रातून येणारा वेगळा आजार असतो. त्यात फिलाग्रिनचा काही दोष नसतो. हे बघायला डोळे आणि बोटं पुरतात. रक्तातलं फिलाग्रिन मोजायची तपासणी नसते. कुणी पॅकेजमध्ये विकत असेल तर पैसे घालवू नका.

आता हे प्रथिन करतं काय. थोडं सविस्तर सांगते, कारण ते कळलं की क्रीमच्या डबीवर काय वाचायचं ते आपोआप कळतं.

त्वचेचा अगदी वरचा थर, ज्याला आम्ही स्ट्रॅटम कॉर्नियम म्हणतो, मेलेल्या चपट्या पेशींचा असतो. बहुतेक अंगावर पंधरा-वीस पदर, आणि सगळे मिळून जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी. अंगातलं पाणी आत आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू बाहेर ठेवणारी भिंत ती एवढीच. या पेशींमधलं बहुतेक प्रथिन केराटिन असतं. तळातल्या जिवंत पेशींत ते 5 आणि 14 क्रमांकाच्या जोडीचं असतं. पेशी वर सरकायला लागली की ती 1 आणि 10 ची जोडी विणायला घेते. हे केराटिनचे धागे पेशीत सुरुवातीला विस्कटलेले असतात, शेतात कापून टाकलेल्या कडब्यासारखे.

कडब्याची पेंढी बांधायला आळा लागतो. फिलाग्रिन म्हणजे तो आळा. पेशी मरायच्या बेतात आली की ते केराटिनच्या धाग्यांना आवळून घट्ट पेंढ्या करतं, आणि पेशी फुगीर न राहता चपटी होते. त्याचं इंग्रजी नावही ‘धागे एकत्र बांधणारं प्रथिन’ अशा शब्दांच्या तुकड्यांवरून पडलं आहे. पेशी ते थेट बनवत नाही. आधी प्रोफिलाग्रिन नावाची लांब माळ बनवते आणि वेळ आली की ती तोडते. माळेतला प्रत्येक मणी म्हणजे एक फिलाग्रिन. कुणाच्या माळेत 10 मणी, कुणाच्या 11, कुणाच्या 12. हा फरक जन्मतःच असतो. म्हणजे निरोगी माणसांतही सगळ्यांची त्वचा सारखी ओलसर नसते, त्याचं एक कारण इथेच आहे.

यापुढची गोष्ट मला विद्यार्थिदशेपासून विलक्षण वाटत आली आहे. पेंढी बांधून झाली की आळा तसाच राहत नाही. वरच्या पदरांत पोचल्यावर पेशीतली विकरं (एन्झाइम) फिलाग्रिनचे बारीक तुकडे करतात, पार सुट्या अमिनो आम्लांपर्यंत. ती आम्लं आणि त्यांच्यापासून बनलेले पायरोलिडोन कार्बोक्सिलिक आम्लासारखे पदार्थ पाणी धरून ठेवतात. पेशी मेलेली असूनही मऊ राहते ती त्यांच्यामुळे. उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं आहे की गर्भजलात असेपर्यंत हे तुकडे होत नाहीत. जन्मानंतर कोरडी हवा लागली की होतात. म्हणजे हवा कोरडी झाली की त्वचा आपलाच आळा सोडून पाणी धरते.

या पाणी धरणाऱ्या मिश्रणात साधारण 40 टक्के सुटी अमिनो आम्लं असतात, 12 टक्के ते पायरोलिडोनवालं आम्ल, 12 टक्क्यांच्या आसपास लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचं रूप) आणि 7 टक्के युरिया. ही नावं लक्षात ठेवा, पुढे क्रीम निवडताना लागतील.

पेशीच्या कडेने आणखी एक कवच असतं. त्यात लोरिक्रिन सर्वांत जास्त, सुमारे 70 ते 80 टक्के. सोबतीला इन्व्होल्युक्रिन आणि इतर लहान प्रथिनं. ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं विकर या सगळ्यांना एकमेकांना असं टाचून टाकतं की ते टाके सहज उसवत नाहीत. याच कवचाला बाहेरून सिरॅमाइडसारखे स्निग्ध पदार्थ चिकटतात. हे टाचणारं विकरच जन्मतः नसलं तर बाळ प्लास्टिकच्या कागदात गुंडाळल्यासारख्या चकचकीत पापुद्र्यात जन्माला येतं. अशी बाळं मी नवजात अतिदक्षता विभागात पाहिली आहेत, आणि त्यांच्या आईबाबांशी बोलणं हा माझ्या कामातला सर्वांत अवघड भाग आहे. तुमच्या मुलाचं तसं नाही. त्याचं कवच शाबूत आहे, आळा तोकडा आहे.

आणि पेशी एकमेकींना धरून राहतात त्या डेस्मोग्लीन-1, कॉर्निओडेस्मोसिन अशा प्रथिनांच्या बटणांनी. ही बटणं योग्य वेळी सुटली की पेशी एकेक करून, डोळ्यांना न दिसता गळून जाते. ती सोडणारी विकरं आम्लतेच्या ताब्यात असतात. निरोगी त्वचेचा पीएच 4.5 ते 5.5, म्हणजे किंचित आंबट. आपला नेहमीचा अंगाचा साबण 9 ते 10. साबणाने पीएच चढला की ही विकरं नको तेव्हा जागी होतात आणि बटणं अवेळी सुटतात. शिवाय सिरॅमाइड बनवणाऱ्या विकरांना आंबटपणाच हवा असतो, त्यांचं काम मंदावतं. फिलाग्रिनचे तुकडे स्वतः आम्ल असल्याने त्वचा आंबट ठेवायला हातभार लावतात, म्हणजे तुमच्या मुलाकडे तीही शिल्लक कमी. पाणी कमी असेल तर बटणं सुटायचं कामही अडखळतं, मग पेशी एकेकट्या न गळता जथ्याने सुटतात. तो जथा म्हणजे तुम्हाला दिसणारा खवला.

या आजारात दोष फिलाग्रिनच्या जनुकात असतो, हे 2006 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या आयर्विन मॅक्लीन यांच्या गटाने दाखवलं. युरोपातल्या साधारण दहातल्या एकाकडे या जनुकाची एक तरी बिघडलेली प्रत असते. आपल्याकडचे बिघाड त्यांच्यापेक्षा वेगळ्या जागी आहेत. एकच प्रत बिघडली असेल तर त्रास सौम्य, कधी फक्त ‘माझी स्किन ड्राय आहे’ एवढाच. दोन्ही बिघडल्या तर जास्त. आईवडील मामे-आत्तेभावंडं असतील तर दोन्हीकडून तीच प्रत येण्याची शक्यता वाढते, म्हणून मी नात्यातलं लग्न आहे का ते विचारते. त्यात कुणाला दोष द्यायचा नसतो.

आता तुमच्या प्रश्नांकडे.

आधी खाणं. 4 ते 6 वर्षांच्या मुलाला आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे दिवसाला साधारण 16 ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात. वरण-भात, भाकरी-उसळ जेवणारं मूल हा आकडा सहज गाठतं. अंडी आवडत असतील तर जरूर द्या, ती चांगलीच आहेत. पावडर बंद करा. प्रथिनांअभावी त्वचा बिघडते हे खरं आहे, पण ते चित्र वेगळं असतं. इंटर्नशिपमध्ये मी कुपोषित बाळं पाहिली आहेत. अंगावर सूज, आणि भिंतीच्या रंगाचे पोपडे सुटावेत तशी सुटणारी कातडी. तिथे प्रथिन हेच औषध होतं. खेळणाऱ्या, वजन नीट वाढणाऱ्या मुलाच्या नडगीवरचे खवले त्या जातीचे नाहीत.

मग क्रीम. अखंड त्वचेतून आत शिरायचं तर रेणू लहान हवा. साधारण 500 डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) वरचे रेणू भिंत ओलांडत नाहीत, असा ठोकताळा आम्ही वापरतो. फिलाग्रिनचा एक मणीच 37,000 डाल्टनचा. कोलॅजन तीन लाखांच्या घरातलं, आणि मुळात ते या भिंतीचं प्रथिन नाहीच, ते खालच्या थरातलं. क्रीममधलं मोडलेलं केराटिन वर पातळ पापुद्रा धरतं, हाताला मऊ लागतं. ते वाईट नाही, पण त्याची किंमत बाराशे रुपये नाही.

आता युरिया बघा: 60 डाल्टन. लॅक्टिक आम्ल 90. ग्लिसरीन 92. आणि वर सांगितलेल्या मिश्रणात युरिया आणि लॅक्टेट होतेच. म्हणजे प्रथिन बाहेरून देता येत नाही, पण त्या प्रथिनाने शेवटी जे काम केलं असतं त्यातलं बरंच लहान रेणू करू शकतात. मी गेली कित्येक वर्षं याच एका विचारावर औषध लिहिते. डबीवर ‘प्रोटीन’ शोधू नका. युरिया, लॅक्टिक ॲसिड, ग्लिसरीन, सोडियम पीसीए (त्याच पायरोलिडोनवाल्या आम्लाचा क्षार) हे शब्द शोधा.

सहा वर्षांच्या मुलाला मी ग्लिसरीनपासून सुरुवात करते. एक भाग ग्लिसरीन, चार भाग उकळून गार केलेलं पाणी, रोज ताजं करायचं. आंघोळीनंतर अंग टिपून, पुसून नव्हे, दोन-तीन मिनिटांच्या आत ते चोळायचं आणि वरून साधं पांढरं पेट्रोलियम जेली. पुरत नसेल तर नडग्यांवर 5 ते 10 टक्के युरियाचं क्रीम. जिथे ओरखडा किंवा भेग आहे तिथे ते झोंबतं, तिथे नको. एकदा झोंबलं की मूल डबी बघूनच पळतं, आणि मग पुढची सहा महिने आईची कसरत होते. सॅलिसिलिक ॲसिडची मलमं खवले पटकन काढतात, पण लहान मुलाच्या मोठ्या भागावर लावली तर ते रक्तात शिरून विषबाधा होऊ शकते. दुकानातून स्वतःहून घेऊ नका.

बहुतेक घरांत औषध चुकत नाही, मात्रा चुकते. नखाएवढं क्रीम घेऊन दोन्ही पाय उरकतात. एक्झिमा (लाल, खाजरे चट्टे येणारा त्वचेचा आजार) असलेल्या मुलांसाठी ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम सांगितलं आहे. तुमच्या मुलाला तेवढं कदाचित लागणार नाही, पण पन्नास ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल तर ती पुरत नाही असं समजा. म्हणूनच मी महागडं क्रीम लिहायला कचरते. महाग असलं की आई जपून वापरते.

आंघोळ रोज घाला, पण पाच-दहा मिनिटं आणि कोमट पाण्याने. पाणी धरणारे ते तुकडे पाण्यात विरघळतात, कढत पाण्यात तासभर बसलं की वाहून जातात. साबण फक्त काखा, जांघा आणि मातीने मळलेले तळपाय एवढ्यालाच, तोही 5.5 पीएचचा साबणविरहित बार असेल तर उत्तम. बोअरच्या जड पाण्यात साधा साबण फेसाळत नाही, त्याची साका अंगावर बसते, म्हणून आपल्या भागात हे जास्तच पाळायला हवं. वजरी, घासणी, खरखरीत टॉवेल सगळं बंद. सांगोल्याकडच्या एका आजी नातवाला रोज वजरीने घासून आणायच्या, पाय लाल करून. माया होती ती, पण भिंत रोज खरवडली जात होती.

बेसनाबद्दल सासूबाईंना दुखवायचं नाही, पण मी नकोच म्हणेन. त्यात घासणं आहेच, शिवाय दुसरं कारण जास्त गंभीर आहे. फुटलेल्या त्वचेवर खाण्यातलं प्रथिन पुन्हापुन्हा लागलं तर शरीर त्याला परकं मानायला शिकू शकतं. जपानमध्ये मोडलेलं गव्हाचं प्रथिन घातलेला चेहऱ्याचा साबण वापरून दोन हजारांवर लोकांना गव्हाची ॲलर्जी झाली. त्यांना आधी पोळी-पावाचा काही त्रास नव्हता. 2011 मध्ये तो साबण परत मागवावा लागला. ब्रिटनमध्ये 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चट्टे आलेल्या त्वचेवर शेंगदाण्याच्या तेलाची क्रीमं लावलेल्या बाळांत शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त आढळली. म्हणून घाण्याचं शेंगदाणा तेल, बेसन, साय, मसुराचं पीठ, सगळं ताटात ठेवा, अंगावर नको. तेल लावायचंच तर खोबरेल चालेल, सूर्यफूलही. दिवाळीचं अभ्यंग जरूर करा. उटण्याचा एक टिळा हातावर लावला की सण झाला.

धाकटीबद्दल. वडिलांकडून एक प्रत आली असेल तर तिला येण्याची शक्यता निम्मी. हा प्रकार जन्मतः दिसत नाही, पहिल्या काही महिन्यांत ते वर्ष-दोन वर्षांत दिसतो, म्हणून आज त्वचा छान आहे एवढ्यावरून काही ठरत नाही. जन्मापासून मॉइश्चरायझर लावला तर एक्झिमा टळेल अशी आम्हाला खूप आशा होती. पण सुमारे 1,400 बाळांवर ब्रिटनमध्ये झालेली चाचणी 2020 मध्ये द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली आणि तसं काही घडत नाही असं दिसलं. मला ते वाचून वाईट वाटलं होतं. तेव्हा तिची त्वचा कोरडी दिसली तर लावा, नाही दिसली तर भीतीपोटी लावू नका.

मोठ्याच्या कोपराच्या घड्यांत लाल, खाजरे चट्टे आले, रात्री खाजवून उठायला लागला, तर तो एक्झिमा आहे आणि त्याला वेगळं औषध लागतं. फिलाग्रिन कमी असलेल्यांत एक्झिमा बराच आढळतो. त्यातली सूजसुद्धा उरलंसुरलं फिलाग्रिन आणखी घटवते, त्यामुळे थांबू नका. मे महिन्यात घाम कमी येतो का तेही बघा, काही मुलांना कमी येतो आणि ती उन्हात लवकर थकतात. बाकी वाढत्या वयाबरोबर बऱ्याच जणांचं सुसह्य होतं. माझे काही रुग्ण मुंबई-रत्नागिरीकडे नोकरीला गेले आणि दमट हवेने जवळपास विसरले. सुट्टीत गावी आले की पुन्हा डबी शोधतात.

शाळेचं राहिलं. मी अशा मुलांच्या आईकडे लेटरहेडवर चार ओळी देते. तुमच्या डॉक्टरांकडून मागून घ्या, ते नाही म्हणणार नाहीत. मजकूर असा असतो: ‘या मुलाच्या पायांवर दिसतात ते खवले जन्मजात कोरड्या त्वचेचे आहेत. ते स्पर्शाने कुणाला होत नाहीत. त्याची आंघोळ रोज होते. दप्तरात मलमाची डबी आहे, मधल्या सुट्टीत ती लावायला त्याला पाच मिनिटं द्यावीत, आणि त्याला कुणाच्याही शेजारी बसू द्यावं.’